अटकेनंतरचा पहिला आठवडा

फौजदारी अपिले चालवू लागल्यापासून मला एक सवय लागली आहे. पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या सर्व कागदांचा बांधलेला संच, हाती आले की निकालपत्राआधी मी आरोपीच्या अटकेनंतरच्या पहिल्या आठवड्याचे कागद शोधते: वैद्यकीय तपासणीचा अहवाल, कोठडीसाठीचा अर्ज, कारागृहात दाखल करून घेतानाची नोंद. मनोविकलतेचा बचाव ज्या प्रकरणांत उभा राहू शकतो, त्यांत कृत्य कोणी केले याबद्दल बहुधा वाद नसतो. ते करताना त्याचे मन कोणत्या अवस्थेत होते, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर कुठे टिकून राहिलेच असेल तर ते या पानांत असते.

भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम २२ असे सांगते, की कृत्य करताना मनोविकलतेमुळे ज्याला त्या कृत्याचे स्वरूप, किंवा आपण करतो ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, जाणण्याची क्षमताच नव्हती, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. डॅनियल मॅकनॉटन याने १८४३ साली ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. तो निर्दोष सुटल्यावर उसळलेल्या असंतोषातून तिथल्या न्यायाधीशांनी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या प्रश्नांना जी उत्तरे दिली, त्यांचा ठसा आपल्या कलमावर स्पष्ट दिसतो. त्यात ‘जाणणे’ हा शब्द निर्णायक आहे. स्वतःला आवरता आले नाही, भास होत होते, अनेक वर्षे गोळ्या चालू होत्या, यांपैकी एकही गोष्ट एकटी पुरत नाही. आजार असणे आणि कायद्याला अभिप्रेत असलेली मनोविकलता असणे यांत न्यायालये काटेकोर फरक करतात. हा फरक मला मुळात योग्यच वाटतो, कारण मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करत नाहीत, आणि आजाराच्या नावालाच गुन्ह्याचे कारण मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

माझी अस्वस्थता पुराव्याबद्दल आहे. हा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली गुजरातच्या एका खून खटल्यात हे स्पष्ट केले, की आरोपीने संभाव्यतेच्या तराजूत आपले पारडे जड आहे एवढे दाखवले तरी पुरे. आणि तेही जमले नाही, तरी त्याच्या पुराव्यामुळे गुन्ह्याच्या हेतूबद्दल वाजवी शंका निर्माण झाली, तर तिचा लाभ त्याला मिळालाच पाहिजे. त्याच निकालाने असेही सांगितले, की निर्णायक क्षण कृत्याचा असला तरी त्या क्षणातील मनाची अवस्था आधीच्या, त्या वेळच्या आणि नंतरच्या वर्तनावरून ताडायची असते. म्हणजे मागचे-पुढचे कागद गहाळ झाले, की त्या क्षणाकडे जाणारी वाटच बंद होते.

हे कागद शाबूत असले तर काय घडू शकते, हे महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाच्या अपिलात दिसले. भरदिवसा त्याने राहत्या घरी पत्नीचा जीव घेतला होता. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. वडिलांनाही मानसिक आजार होता, घटनेआधीपासून त्याच्यावर पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे (खोटे संशय आणि भास निर्माण करणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचे) उपचार चालू होते, त्याने पळून जाण्याचा किंवा काही लपवण्याचा प्रयत्न केला नव्हता, आणि १९९४ च्या जून ते डिसेंबर या काळात त्याला २५ वेळा उपचारांसाठी न्यावे लागले होते. हे सारे नोंदींमध्ये होते, म्हणूनच तिसऱ्या न्यायालयातही ते वाचता आले.

बहुतेकांच्या वाट्याला असे कागद येत नाहीत. आजाराचा पूर्वेतिहास तपासात समोर आला असेल, तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणे हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते न केल्यास सरकारी पक्षाच्या बाजूत गंभीर उणीव राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तरीही मी पाहिलेल्या तपासणी अहवालांत मनाविषयी एखादी ओळ असलीच तर ती ‘शुद्धीवर, बोलतो’ एवढीच असते. बचाव पक्षाकडूनही चूक होते, आणि आम्हा वकिलांनी ती मान्य केली पाहिजे. उलटतपासात ‘आरोपी तिथे नव्हताच’ असे सुचवायचे, आरोपीच्या जबाबात प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ असे उत्तर नोंदवू द्यायचे, आणि मग अपिलात प्रथमच मनोविकलतेचा मुद्दा काढायचा, यामुळे खरा आजारही पश्चातबुद्धीसारखा दिसू लागतो. अपील न्यायालयाला जादा पुरावा घेण्याचा अधिकार आहे, पण दहा वर्षांनी केलेली तपासणी आजच्या मनाबद्दल सांगते, त्या दिवसाबद्दल नाही.

या बचावाला सुटकेची पळवाट समजणाऱ्यांनी त्यापुढची तरतूदही वाचावी. मनोविकलतेच्या कारणाने निर्दोष ठरवताना कृत्य त्यानेच केले की नाही हे निकालात नमूद करावे लागते, आणि ते केले असेल तर न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी अटकावात ठेवण्याचा किंवा योग्य हमी घेऊन नातेवाइकाच्या स्वाधीन करण्याचा आदेश देते. नातेवाइकच मृत किंवा फिर्यादी असतात अशा घरांत ही दुसरी वाट सहसा उरत नाही. शिक्षेनंतर बळावणारा आजार हा वेगळा प्रश्न आहे. फाशीच्या कैद्याला झालेला गंभीर मानसिक आजार शिक्षा सौम्य करण्यासाठी विचारात घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मान्य केले आणि आजाराबद्दलची गोपनीयता राखण्यासाठी त्या कैद्याचे नाव निकालात ‘आरोपी एक्स’ असे ठेवले. वर दिलेल्या निकालांतील नावे मीही त्याच कारणाने लिहिलेली नाहीत.

सध्या न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाने मदतीसाठी नेमलेली वकील, म्हणून माझ्याकडे असलेल्या एका अपिलात मानसोपचाराचा एकही कागद नाही. आरोपीची आई सरकारी पक्षाची साक्षीदार होती. उलटतपासात ती सांगते, ‘दिवाळीपासून त्याला बाहेरचं झालं होतं, दोनदा देवऋषाकडं नेलं, तो रात्र रात्र भिंतीशी बोलायचा.’ घरात आजाराला जे नाव होते, त्या नावाने तिने तो सांगितला होता. ही तीन वाक्ये साक्षीच्या दुसऱ्या पानावर तळाशी आहेत. पान उलटल्यावरचा पुढचा प्रश्न ओसरीवरचा दिवा दारापासून किती फुटांवर होता, हा आहे.