हो, मी मासे खाते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, खाते. आवडीने, काटे चोखून. माशांतला पारा मोजण्याच्या कामात अर्धं आयुष्य घालवलेली बाई मासे खाते हे ऐकलं की काही जणांचा जीव भांड्यात पडतो आणि काही जणांना वाटतं, हिला कोणीतरी पैसे चारलेत. लग्नात, लिफ्टमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडलेली असताना, कुठेही हा प्रश्न येतो. आणि मी सांगायला सुरुवात केली की पुढचं वाक्य ठरलेलं: "ते जाऊ द्या हो, एका शब्दात सांगा, खायचे की नाही?"

एका शब्दात सांगता आलं असतं तर मी केव्हाच पाटी लिहून गळ्यात अडकवली असती.

आधी ते धुण्याबिण्याचं मिटवू. मासा मिठाच्या पाण्यात ठेवा, लिंबू चोळा, कातडी काढा, कडकडीत तळा, पारा जात नाही. माशातला बहुतेक पारा मिथाइल मर्क्युरीच्या रूपात असतो आणि तो मांसातल्या प्रथिनांना धरून बसतो. चरबीत असता तर चरबी काढून टाकता आली असती. तळल्यावर पाणी उडतं, पारा राहतो, म्हणजे ग्रॅममागे प्रमाण उलट किंचित वाढतंच. आणि नाही, मासा कापला की आत चंदेरी थेंब दिसत नाहीत. थर्मामीटरमधला पारा चुकून गिळला गेला तर तो जवळजवळ सगळा तसाच बाहेर पडतो (त्याची वाफ छातीत जाणं वाईट, पण तो वेगळा विषय). मिथाइल मर्क्युरीचं तसं नाही. त्याचा ९५ टक्के भाग आतड्यातून रक्तात जातो, मेंदूत शिरतो, वार (प्लॅसेंटा) ओलांडून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो, आणि अंगातला निम्मा कमी व्हायलाच दोनेक महिने लागतात.

तो तयार कुठे होतो? गाळात. सांडपाण्यातून आलेला किंवा कोळशाच्या धुरातून पावसाबरोबर उतरलेला पारा तळाशी बसतो. तिथल्या प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. मग लहान माशाला मोठा खातो, त्याला आणखी मोठा, आणि प्रत्येक पायरीला साठा वाढत जातो. म्हणून मुशी, तलवारमासा, मोठा ट्यूना यांची गोष्ट वेगळी आणि तारली-मांदेलीसारख्या थोडक्यात आयुष्य उरकणाऱ्यांची वेगळी. एवढं बहुतेकांना माहीत असतं. तरी विचारतात.

आता एका बैठकीची गोष्ट. खरं तर तुम्ही जे विचारता त्याचं उत्तर मला तिथून पुढे सरळ देता येत नाही.

एक खाडी होती, नाव सांगत नाही. वरच्या अंगाला जुना कारखाना. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढायचे, आणि त्या सेलमध्ये एक इलेक्ट्रोड म्हणून पारा वाहता ठेवलेला असायचा. खाडीतले मासे आमच्याकडे तपासायला आले. पाठीच्या पराखालचं मांस काढायचं, जेमतेम अर्धा ग्रॅम तोलायचं, नायट्रिक ॲसिडमध्ये तापवायचं, तांबूस धूर संपून द्रव नितळ होईपर्यंत थांबायचं. मग त्यात स्टॅनस क्लोराइड घातलं की पारा वाफ होऊन निघतो आणि २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश गिळतो. किती गिळला ते यंत्र सांगतं. शेजारी ज्याचा आकडा आधीच पक्का ठाऊक आहे असा नमुना लावायचा, म्हणजे यंत्र थापा मारत असेल तर कळतं. हे सगळं इतक्या बारकाईने सांगतेय, कारण माझा अहवाल बरोबर होता. तो आजही बरोबर आहे. सरासरी ०.५ च्या आत. किलोमागे ०.५ मिलिग्रॅम ही अनेक देशांत बहुतेक माशांसाठी वापरली गेलेली मर्यादा.

बैठकीत कारखान्याचा माणूस उठला. "म्हणजे मॅडम, मासे सुरक्षित."

मी म्हणाले, "मर्यादेच्या आत आहेत."

"तेच ते," म्हणाला आणि खाली बसला.

मागच्या रांगेतून एक मावशी उठल्या. मासे विकणाऱ्या. त्यांनी आवाज चढवला नाही की कोणाला शिव्या दिल्या नाहीत, बाकीचे त्यासाठी होतेच. म्हणाल्या, "बाई, हे एका माशाचं झालं. आम्ही दोन्ही वेळेला खातो. खपत नाही तो घरात शिजतो. ते तुमच्या कागदात कुठं धरलंय?"

धरलेलं नव्हतंच. ती मर्यादा विक्रीला येणाऱ्या मालाची असते. माल तिच्या आत बसला की पास. खाणारा किती खातो, त्याचं वजन किती, पोटात बाळ आहे का, हे दुसऱ्या हिशोबात येतं. माझ्या शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यांनी हळूच सांगितलं, "अहवालापुरतं बोला." मी अहवाल उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला, मोठ्याने.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली, पोटातल्या बाळाचा विचार करून, आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल मर्क्युरी इतकी मर्यादा ठरवली. पंचावन्न किलोच्या बाईला आठवड्याचे ८८. समजा माशात किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे अहवालात अगदी आरामात पास. ती बाई रोज दोनशे ग्रॅम खाते. दिवसाचे ६०, आठवड्याचे ४२०. जवळजवळ पाचपट. मासा पास, बाई नापास. तेच प्रमाण लहान माशात ०.०३ असेल तर आठवड्याचे ४२, म्हणजे मर्यादेच्या निम्मे, आणि रोज खाऊनही ती पास.

शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. "पाचपट" तेवढं ऐकलं.

दोन दिवसांत ते छापून आलं, फक्त "समजा" गाळून. व्यापाऱ्यांनी त्या बंदरावरचा माल उचलणं बंद केलं. खोल समुद्रातून आणलेला, ज्याचा त्या खाडीशी काडीचा संबंध नव्हता, तोही पडून राहिला. कारखान्याने माझ्याच अहवालाची झेरॉक्स जोडून खुलासा काढला की प्रयोगशाळेनुसार सगळं मर्यादेच्या आत आहे. आणि कारखाना चालू राहिला. काही आठवड्यांनी मावशी प्रयोगशाळेत आल्या. त्यांना शिक्क्याचा कागद हवा होता: मासे चांगले आहेत. मी म्हणाले, असं लिहून देता येत नाही. सून गरोदर होती, तिला काय देऊ, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं: लहान मासे द्या, खाडीबाहेरचे द्या, मोठे टाळा.

"बाहेरचा विकत घ्यायला आधी आमचा विकला जायला हवा ना," त्या म्हणाल्या. मग जाता जाता, "तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण तुमचा पगार चालू राहिला."

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आताही नाही. पण मी चुकले असंही मला कोणी वदवून घेऊ नये.

तेव्हाची मी आणि आताची मी, आमचं यावरून अजून वाजतं. ती म्हणते, गप्प बसायचं होतं का? जपानमधल्या मिनामातामध्ये तेच झालं. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला आणि ते मासे खाऊन माणसं आजारी पडली. रोगाची अधिकृत नोंद १९५६ च्या मे महिन्यात. १९५९ मध्ये कंपनीच्याच दवाखान्यातले डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात घालून मांजराला दिलं, त्याला तोच आजार झाला, आणि कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शुद्धीकरण यंत्रणेच्या उद्घाटनाला अध्यक्षांनी सगळ्यांदेखत पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. ज्या विभागातून पारा येत होता त्याचं सांडपाणी त्या यंत्रणेत जातच नव्हतं. ते समुद्रात सुटत राहिलं १९६८ पर्यंत. जपानमध्ये बाळाची नाळ वाळवून डबीत जपतात. पुढे त्या नाळा तपासल्या, तेव्हा कोणत्या वर्षी किती विष बाळांपर्यंत पोहोचत होतं ते उलगडलं. ती म्हणते, तुला असा पुरावा हवा होता का?

मी म्हणते, ते गप्प बसणं पाइपच्या मालकांचं होतं. मी बोलले त्याची किंमत पाइपच्या मालकाने दिली नाही, टोपलीवालीने दिली. ती म्हणते, मग पुढच्या वेळी हिशोब मनातल्या मनात करशील? इथे मी विषय बदलते.

कारखाना बंद झाला की संपलं, असं म्हणणाऱ्यांसाठी: कॅनडात ओंटारियोमधल्या एका कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात वाबिगून नदीत टनांनी पारा सोडला. खालच्या अंगाच्या ग्रासी नॅरोजमधल्या मूळ रहिवाशांना पन्नास वर्षांनंतरही मासे जपून खावे लागत होते. गाळाला घाई नसते. आणि शाकाहारी मंडळींनी इतक्यात हसू नये. चीनमधल्या ग्वेइचौ प्रांतात पाऱ्याच्या खाणींजवळ लोकांच्या पोटात मिथाइल मर्क्युरी मुख्यतः भातातून जातं.

मग गरोदर बायकांनी मासे सोडायचे का? मी तरी सोडा म्हणत नाही. बाळाच्या मेंदूला माशातलं बरंच काही लागतं. फेरो बेटांवर पायलट व्हेलचं मांस खाणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये स्मरण, लक्ष, भाषा यांत कमतरता दिसली. सेशेल्समध्ये आया भरपूर समुद्री मासे खात होत्या, तिथे तसं ठळक काही हाती लागलं नाही. दोन्ही अभ्यास चांगले. यातला एकच पाठवून "बघा, सिद्ध झालं" म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय.

मी डॉक्टर नाही. कारखान्याची माणूस नाही, मच्छिमारांची एजंटही नाही. दोन्ही ऐकून झालंय. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा मासा कोणता, केवढा, कुठल्या पाण्यातला, खाणारं कोण आणि आठवड्यातून किती वेळा, एवढं आधी सांगा. कागद घेऊन बसेन मी. आणि "समजा" म्हणाले तर तो शब्द तसाच पुढे न्या, गाळू नका.