तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं जाळूनही धडधड परत का येते?

मी कॅथ लॅबमध्ये (शिरेतून नळी घालून हृदयावर उपचार करतात तिथं) तंत्रज्ञ आहे हे कळलं की फोंड्यात लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो: "अब्लेशनमध्ये बिघाड जाळून टाकतात ना? मग महिन्याभरात धडधड परत कशी आली?"

धडधड सुरू होणं वेगळं आणि ती टिकणं वेगळं. एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांत वीज विस्कळीत होऊन होणाऱ्या अनियमित धडधडीची) सुरुवात बहुधा फुफ्फुसांतून डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी होते. बोर्दोच्या हायसागेर यांच्या चमूनं हे १९९८ मध्ये दाखवून दिलं. पण पुढे ती चालू ठेवतो तो कप्पा. हृदयाचा स्नायू एकदा चेतला की क्षणभर पुन्हा चेतत नाही, म्हणून विजेची लाट फिरून आली तरी तिला वाट मिळत नाही आणि ती विरते. ही विश्रांती आखूड झाली, कप्पा ताणून मोठा झाला, मध्ये वण पडून लाट रेंगाळू लागली, की तिला पुढे ताजा स्नायू सापडतच राहतो. वास्कोच्या सप्ताहात चोवीस तास भजन चालतं ते असंच: एका मंडळींचा आवाज बसेपर्यंत दुसरी टाळ घेऊन तयार असतात.

मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी १९९५ मध्ये निरोगी बकऱ्यांमध्ये मुद्दाम पुन्हा पुन्हा फिब्रिलेशन घडवलं. सुरुवातीला ते काही सेकंदांत आपोआप थांबायचं. एक-दोन आठवड्यांत बहुतेकींत चोवीस तास उलटले तरी थांबेना. म्हणून "अधूनमधूनच येते हो, चतुर्थी होऊ दे, मग दाखवू" हे मला मुळीच पटत नाही.

अब्लेशनमध्ये त्या शिरांच्या तोंडाभोवती कडं करतात, कुणी उष्णतेनं तर कुणी गोठवून. शिरेत गोल कॅथेटर (बारीक नळी) असतो, त्यानं टिपलेल्या विजेच्या रेघेवर पडद्यावर टोकदार खुणा उमटतात. कडं पुरं होत आलं की त्या हळूहळू मागे पडतात आणि एकदम गायब होतात. कधी मात्र शिरेच्या आत धुमाकूळ चालूच असतो आणि बाहेर हृदय शहाण्यासारखं ठोके देत असतं. दोन्ही रेघा एकाच पडद्यावर! कितीही वेळा पाहिलं तरी मी थबकतोच.

मग परत का येते? पहिल्या दोन-तीन महिन्यांतली धडधड बरेचदा जळलेल्या जागेच्या सुजेमुळे असते. तेवढ्यावरून उपचार फसला असं कुणी धरत नाही. नंतर आली तर बहुधा कड्यात फट राहिलेली असते, ती पुन्हा बुजवता येते. कप्पाच ताणून, वण पडून मुरलेला असेल तर काम अवघड. अशा वेळी कप्प्यात जास्तीच्या रेघा जाळूनही पाहिल्या, पण २०१५ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. उलट अर्धवट रेघेभोवती नवीनच फेरा सुरू होऊ शकतो. उजव्या कप्प्यातला नेहमीचा फ्लटर (धडधडीचा दुसरा प्रकार) असलेले त्या मानानं सुटले म्हणायचे: तिथं लाटेची वाट एकच, ठरलेली. ती नीट तोडली की बहुतेकांचा तो फ्लटर मिटतो.

आणि फेणी! नियमित पिणाऱ्यांनी दारू सोडली की फिब्रिलेशन परत येण्याचं प्रमाण घटतं, असं ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या चाचणीत दिसलं. गोव्यात हे सांगताना समोरच्याचा चेहरा बघवत नाही, तरी सांगतो. वजन, रक्तदाब आणि रात्रीचं घोरणंही त्याच यादीत.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःहून सोडू नका. ती पुढे चालू ठेवायची की नाही हे पक्षाघाताचा धोका किती यावर ठरतं, धडधड थांबली की नाही यावर नव्हे.