तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्याच्या घराला एवढं कशाला?

नणंदेने विचारलं, ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलं. गेल्या महिन्यात गीझर दुरुस्त करायला आलेल्या माणसानेही पडद्यांकडे बघत विचारलं, "ताई, घर स्वतःचं का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग एवढं कशाला केलंत?"

एकदाच लिहून टाकते.

आधी पैशांचं, कारण प्रश्नाच्या पोटात तेच असतं. "एवढं" म्हणजे काय, तर खिडकीच्या चौकटीत ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड आणि त्यावर पडदे. ओट्यामागच्या कळकट टाइल्सवर चिकटवलेला विनाइलचा कागद. पुस्तकांसाठी जुनी घडवंची, एक सतरंजी, दोन उभे दिवे. भिंत कुठेही फोडलेली नाही. विनाइल सोडलं तर सगळं टेम्पोत चढतं. तुमच्या एका वीकेंडच्या महाबळेश्वरात माझं घर होतं.

"भिंतीला काही होत नाही" ही माझी बढाई मात्र पूर्ण खरी नाही. वारज्याच्या घरात मी चिकटपट्टीच्या हुकावर आरसा लावला होता. डबीवर लिहिलेल्या वजनाच्या आतच होता. पण भिंतीला डिस्टेंपर, त्याखाली लांबी (म्हणजे पुट्टी), आणि ऑगस्टमधली ओल. एका रात्री आरसा खाली आला, हुकासकट आणि तळहाताएवढ्या रंगासकट. चिकटपट्टीने दगा दिला नव्हता, ती रंगाला घट्ट धरून होती. भिंतीला सोडलं ते रंगाने. घर सोडताना मालकांनी अख्ख्या हॉलच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. मी करारातली "नैसर्गिक झीज वगळता" ही ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, "झीज आपोआप होते, हे तुम्ही केलंत." माणूस उद्धट होता, पण मुद्दा बरोबर होता, याचा मला अजून राग येतो. तेव्हापासून चिकटवायचं ते टाइलवर, काचेवर किंवा कपाटाच्या सनमायकावर. आणि काढताना आधी हेअर ड्रायरने ऊब द्यायची, मग हळूहळू ओढायचं.

पण हे सगळं मी आता करते. आधी करत नव्हते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने मण्यांचं तोरण करायला घेतलं. काचेच्या पांढऱ्या नळ्या, समोरासमोर दोन हिरवे पोपट, मध्ये लाल मण्यांत "सुस्वागतम". पाच महिने दुपारची झोप सोडून तिने ते ओवलं. आमचं पहिलं घर धनकवडीला, करार अकरा महिन्यांचा. (महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, तरी आकडा आपला अकराच.) करारात कलम होतं: भिंतींना व चौकटींना खिळे मारू नयेत. तोरण मी जुन्या ओढणीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. पहिल्या दिवाळीला आई आली, दाराकडे बघून म्हणाली, "तोरण?" मी म्हटलं, "आपल्या घराला लावू." दुसऱ्या वर्षी तिने परत विचारलं. तिसऱ्या वर्षी विचारलं नाही.

अकरा-अकरा करत तिथे चार वर्षं काढली. मग वारजे. ट्रंक माळ्यावर गेली, न्हाणीघराच्या बरोब्बर वर.

लेकीच्या बारशाला आई इकडेच होती. म्हटलं, आज तरी लावूच, तासाभरापुरतं. ओढणी सोडली, दोन्ही टोकं धरली आणि उचललं. आधी खालची झालर सुटली. मी घाबरून वर धरलं, तर ताणाने डावा पोपट गेला. मग अक्षरं. मी हलले नाही, हात खाली घ्यायचेही सुचलं नाही, आणि मणी गळतच राहिले. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ नवऱ्याकडे देऊन ती आली. गुडघे वाकत नाहीत म्हणून पाट ओढून बसली आणि केरसुणीने मणी सुपात भरायला लागली. मी करार, कलम, खिळा असं काहीतरी बोलत होते. तिने ऐकून घेतलं.

"सुती दोरा तो. ओलीत कुजणारच." मग मान वर न करता, "खिळा कशाला लागतो गं? सेफ्टी डोअरच्या जाळीला बांधलं असतंस."

धनकवडीच्या दाराला जाळी होती. दोन सुतळ्यांचं काम होतं. माझ्या आड कलम आलंच नव्हतं.

सव्विसाव्या वर्षीच्या मला मी मूर्ख म्हणत नाही. ती डाउन पेमेंटसाठी पै-पै जोडत होती, आणि इथे जीव गुंतला तर स्वतःचं घर लांबेल असं तिला वाटायचं. तिचं चुकलं असं म्हणावं, तर आज मी जीव गुंतवते आणि घर अजून लांबच आहे. पंधरा वर्षं, पाच घरं. कदाचित तिचंच खरं असेल. नवऱ्याचं म्हणणं आहे की प्रत्येक घराच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या, म्हणून आपल्याकडे तीन रॉड बिनकामाचे पडून आहेत. आहेत.

आणि धनकवडीचे मालक, बेडरूमच्या दारामागे कॅलेंडरसाठी एक खिळा मी मारला होता. जाताना भोकात टूथपेस्ट भरली. लांबी भरायला हवी होती.

मणी श्रीखंडाच्या डब्यात होते. आईला आता सुईत दोरा दिसत नाही. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत लेकीने ते तंगूसवर ओवले. पोपट एकच झाला. लाल मणी "सुस्वागतम"ला पुरले नाहीत, म्हणून तिने नुसतं "या" लिहिलं. जाळीला बांधलं आणि आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आई म्हणाली, "पोपटाची चोच वर झालीय." मग म्हणाली, "असू दे."

"स्वतःचं कधी घेताय?" हा तुमचा दुसरा प्रश्न मी आज घेत नाही.

मालकांचा मुलगा परत येतोय, मेअखेर हे घर सोडायचं आहे. परवा कर्वेनगरला एक फ्लॅट बघितला. मी मुख्य दाराची चौकट टेपने मोजत होते, तर ब्रोकर म्हणाला, "फ्रीज आत जाईल का बघताय ना ताई?"

मी हो म्हटलं.