तुम्ही विचारलंत म्हणून: रोम सोडून त्या खोऱ्यात काय आहे?

इटलीला जाऊन आले म्हटलं की लोक आधी रोमचं विचारतात, मग व्हेनिसचं. दोन्ही खेपेला मी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातच मुक्काम ठोकला होता हे कळलं की चेहरे बदलतात. ‘अहो, पण तिथं आहे काय?’ परवा भाचीनंही तेच विचारलं, ‘मावशी, एवढा खर्च करून गेलीस आणि रोम नाही पाहिलंस?’ तेव्हा घाईत अर्धवटच काहीतरी बोलले. पूर्ण उत्तर लांब आहे आणि ते माणगावपासून सुरू होतं.

माणगावला तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तालुक्यातल्या पळसगावचे ते. गावी जाता-येता वडील तो पुतळा दाखवायचे आणि दरवेळी एकच वाक्य म्हणायचे, ‘इटलीत पडला हा. बावीस वर्षांचा होता.’ इटली हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा. कुठं पडला, कशासाठी पडला, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. नकाशावर ती जागा शोधली तेव्हा मोन्तोने नावाचं टेकडीवरचं एक लहानसं तटबंदीचं गाव सापडलं आणि त्याच्या आजूबाजूची नावं वाचत मी रात्रभर जागी राहिले. इटलीचा दोन हजार वर्षांचा इतिहास तासा-दोन तासांच्या अंतरात दाटीवाटीनं बसला होता.

टायबर रोममध्ये मोठी वाटते. इथं वर ती आमच्या काळ नदीची आठवण यावी एवढीच आहे. काठाला तंबाखूची आणि सूर्यफुलांची शेतं, मग डोंगर. पश्चिमेचे डोंगर ओलांडले की त्राझिमेनोचं सरोवर लागतं. इसवी सनपूर्व 217 मध्ये रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं याच सरोवराच्या काठानं चाललेलं रोमन सैन्य सकाळच्या धुक्यात कापून काढलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगरात दडलेली माणसं. सुमारे 15,000 रोमन मेले, त्यांचा सेनापती फ्लामिनियसही. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की लढाईच्या ऐन भरात मोठा भूकंप झाला, पण लढणाऱ्यांपैकी कुणालाच तो जाणवला नाही. तिथल्या एका वस्तीचं नाव आजही सांग्विनेतो आहे. त्या नावात रक्त आहे.

पण मी खरी गुंतले ती मोन्तोनेच्याच एका माणसात, ब्राच्चो दा मोन्तोने याच्यात. जन्म 1368 चा. त्या काळात इटली हा देश नव्हता. फ्लोरेन्स, मिलान, व्हेनिस, पोपचं राज्य, नेपल्स असे एकमेकांवर टपलेले तुकडे होते. व्यापारी शहरांकडे पैसा होता, पण पेढी आणि माग सोडून लढायला जायची तिथल्या लोकांची तयारी नव्हती. म्हणून ती शहरं सैन्य भाड्यानं घेत. किती घोडेस्वार, किती महिने, पगार किती, लुटीत वाटा कुणाचा, हे सगळं करारात लिहिलेलं असे. त्या कराराला कोंदोत्ता म्हणत आणि तो करणारा सेनानी म्हणजे कोंदोत्तिएरे. आपला शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येई. हा तर आख्खी फौज घेऊन येई आणि मुदत संपली की कालच्या शत्रूकडेही जाई.

ब्राच्चो त्यातला सर्वांत बुद्धिमान असं माझं मत. सगळी फौज एकदम लढाईत लोटायच्या ऐवजी तो लहान तुकड्या पाळीपाळीनं पुढे सोडायचा, त्यामुळे त्याच्याकडे ताज्या दमाचे स्वार कायम शिल्लक असत. 1416 मध्ये त्यानं पेरूजा शहरच जिंकलं आणि तो त्याचा धनी झाला. पुढे त्यानं काय करावं? त्राझिमेनोचं पाणी वाढून काठची शेतं बुडत, म्हणून सरोवराचं जादा पाणी बाहेर काढणारा बोगदा खणून घेतला. ज्या सरोवरानं 15,000 प्रेतं पाहिली त्याच्यावर उपाय केला तो एका भाडोत्री सेनापतीनं. 1424 मध्ये लाक्विलाजवळच्या लढाईत तो जखमी होऊन मेला.

त्याच्याच तालमीत वाढलेला निक्कोलो पिच्चिनिनो 29 जून 1440 रोजी मिलानच्या बाजूनं लढताना याच खोऱ्यात, अंगियारी या गावाजवळ फ्लोरेन्सकडून हरला. फ्लोरेन्सचा मुत्सद्दी आणि लेखक मॅकियाव्हेली लिहितो की एवढ्या मोठ्या लढाईत एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून तुडवला गेला. भाडोत्री फौजांबद्दल त्याच्या मनात चीड होती आणि इथं त्या चिडीनं लेखणीवर मात केली. त्याच्या आधीच्या नोंदींत मेलेल्यांचा आकडा बराच मोठा आहे. फ्लोरेन्सला मात्र हा विजय इतका मोलाचा वाटला की 1503 मध्ये तो भिंतीवर रंगवायचं काम त्यांनी लिओनार्दो दा विंचीला दिलं. त्यानं तैलरंगाचा नवा प्रयोग केला, रंग भिंतीवर टिकेनात, चित्र अर्धवट राहिलं आणि गेलं. उरल्या त्या इतरांनी केलेल्या नकला. त्यांत घोडेसुद्धा एकमेकांना चावताना दिसतात. त्या नकलांपुढे उभं राहून ‘एकच माणूस मेला’ असं कुणी म्हणू शकणार नाही.

लोक मला विचारतात, एवढी कोमल चित्रं काढणारा समाज सतत लढत कसा होता? मला हे कोडं वाटत नाही, कारण पैसा एकाच थैलीतून येत होता. डोंगरापलीकडच्या उर्बिनोचा फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो हाही कोंदोत्तिएरेच, उजवा डोळा गमावलेला. लढण्याचा मोबदला तर मिळेच, शांततेतही त्याला बांधून ठेवण्याचे पैसे मिळत. त्या कमाईतून त्याचा राजवाडा उभा राहिला, ग्रंथसंग्रह जमला आणि चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्कानं त्याची डावी बाजू रंगवली.

हा पिएरो खोऱ्यातल्याच सान्सेपोल्क्रोचा. गावाच्या नावाचा अर्थ ‘पवित्र कबर’. अंगियारीनंतर वर्षभरात पोपनं हे गाव 25,000 फ्लोरिनला (फ्लोरेन्सची सोन्याची नाणी) फ्लोरेन्सकडे दिलं. तिथल्या जुन्या नगरसभेत पिएरोनं येशूचं पुनरुत्थान भिंतीवर रंगवलं आहे. कबरीच्या कडेवर एक पाय रोवून येशू उभा आहे, समोर थेट आपल्याकडे बघतो आहे. खाली पहाऱ्यावरचे शिपाई झोपलेत. डाव्या हाताची झाडं निष्पर्ण, उजवीकडची पानांनी भरलेली. मी तिथं दोन तास बसले. शिपायांकडेच जास्त बघत होते. कुणाच्या तरी हुकमावर रात्रभर उभे राहून थकलेली ती पोरं आहेत.

1944 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, टोनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याला या गावावर मारा करायचा हुकूम होता. मारा सुरूही झाला होता. तेव्हा त्याला तरुणपणी वाचलेला एक निबंध आठवला, ज्यात हे चित्र जगातलं सर्वश्रेष्ठ म्हटलं होतं. त्यानं तोफा थांबवल्या. जर्मन आधीच निघून गेले होते. गावातल्या एका रस्त्याला आज त्याचं नाव आहे.

त्याच वर्षी 10 जुलैला खोऱ्याच्या खालच्या भागात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन जर्मनांच्या भक्कम मोर्चावर चालून गेली. नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले. हातबॉम्ब टाकून गन आणि गनर संपवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं. मग दडलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मरणोत्तर मिळालं. देह सापडला नाही, म्हणून कबर नाही. इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे. इटलीत लढलेल्या 50,000 हून अधिक भारतीय सैनिकांपैकी 5,782 परत आले नाहीत.

भाचीचा दुसरा प्रश्न होता, ‘ते इंग्रजांचे पगारी सैनिक. मग तुझ्या त्या ब्राच्चोत आणि त्यांच्यात फरक काय?’ तो मला टोचला आणि अजून टोचतो. फरक मला एवढा दिसतो: ब्राच्चो आपला धनी निवडत होता, किंमत ठरवत होता आणि नको वाटलं तर करार सोडत होता. घाडग्यांना यातलं काहीच ठरवता येत नव्हतं. स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना ते दुसऱ्यांच्या गावासाठी मेले. याचा मला अभिमान आहे आणि तितकंच दुःख आहे. दोन्ही एकत्र बाळगायला मी शिकते आहे.

2023 च्या जुलैत मोन्तोनेत त्यांचं स्मारक झालं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. सगळे एकाच सूर्याखाली, असं त्याचं ब्रीद. मी दुपारी पोचले तेव्हा एक आजीबाई शेजारी थांबल्या. मला साडीत बघून त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि ‘कसं म्हणायचं?’ असं खुणेनं विचारलं. त्यांच्या भाषेत घ नाही, ड सुद्धा आपल्यासारखा नाही. ‘गाद्जे,’ त्या म्हणाल्या. मी म्हणाले, ‘घाडगे.’ त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि माझ्या ओठांकडे बघत पुन्हा म्हणून पाहिलं.