वाटणीआधीची प्रतवारी : काकांच्या चांदीच्या रुपयांचा अनुभव

काकांच्या पश्चात त्यांच्या पंचवटीतील घरातले चांदीचे बंदे रुपये वाटायचे ठरले, तेव्हा चुलतभावाचे म्हणणे होते की सगळे वजनावर सराफाला द्यावेत आणि आलेली रक्कम वाटून घ्यावी. आत्याला ते मुळीच पटले नाही. रुपये रुपयांच्याच रूपात प्रत्येकाच्या घरी जावेत, असा तिचा आग्रह होता आणि तो शेवटी सर्वांनी मान्य केला. मात्र त्यामुळे एक नवे काम उभे राहिले. एकाच सालच्या दोन रुपयांत चांदी सारखीच असली, तरी संग्राहकांच्या बाजारात त्यांच्या किमतींत कितीतरी पटींचे अंतर पडू शकते आणि हे अंतर बहुतांशी नाण्याच्या अवस्थेवर ठरते. कोणते नाणे कोणत्या प्रतीचे हे कागदावर आल्याखेरीज न्याय्य वाटणी होणार नव्हती. हिशेबाची सवय असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले.

पहिली चाळणी वजनाची होती. १८३५ पासून कंपनी सरकारने आणि पुढे ब्रिटिश सरकारने पाडलेला प्रमाण रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅमचा असतो आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते. रुपयाचे वजन दोन टक्क्यांहून अधिक घटले की तो कायदेशीर चलन म्हणून चालत नसे, हे कळल्यावर ११.४३ ग्रॅमची रेघ आखून त्याखालचे रुपये मी बाजूला काढले. झिजेचा हा ढोबळ पुरावा मला उपयोगी पडला, कारण डोळा फसतो, काटा सहसा फसत नाही. ज्या नाण्यांविषयी शंका होती, ती दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून पुन्हा तोलली. पूर्ण वजनाचा खरा रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरतो. दोन रुपये या परीक्षेत नापास झाले आणि नीट पाहिल्यावर त्यांच्या किनारीवरचे दातही आखूड व असमान दिसले. ते नकली म्हणून वेगळे ठेवले. सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्याच चांदीचे असल्यामुळे त्यांचाही वेगळा गठ्ठा केला. त्यांच्या किनारीवर दातांच्या मधून एक खोबण फिरते, त्यामुळे ते हाताला लगेच ओळखू येतात.

खरा वेळ गेला तो प्रत ठरवण्यात. संग्राहक फाईन, व्हेरी फाईन, एक्स्ट्रीमली फाईन आणि अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न वापरलेले, अशा चढत्या पायऱ्या मानतात. अमेरिकेत १९४९ मध्ये नाणेतज्ज्ञ शेल्डन यांनी मांडलेली एक ते सत्तर अंकांची मोजपट्टी हल्ली प्रत ठरवून पाकीटबंद केलेल्या नाण्यांवर दिसते, पण घरच्या वाटणीला एवढी बारीक मोजपट्टी लावणे मला अनाठायी वाटले. चार पायऱ्या आणि प्रत्येक नाण्यापुढे एका ओळीचा शेरा, एवढेच मी ठरवले. नाणे फक्त कडेने धरायचे, खाली मऊ कापड अंथरायचे, खोलीतले बाकीचे दिवे घालवायचे आणि एकच दिवा नाण्याच्या पातळीपासून थोडा वर ठेवून प्रकाश तिरपा पाडायचा, ही शिस्त शेवटपर्यंत पाळली. सरळ वरून येणाऱ्या प्रकाशात झिजलेले नाणेही देखणे दिसते.

झीज नेहमी उंचवट्यांपासून सुरू होते, म्हणून प्रत्येक छापातले उंचवटे कोठे आहेत हे आधी पाठ करावे लागते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयात कपाळावरचे केस, गाल आणि पोशाखावरची नक्षी प्रथम सपाट होतात. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नसल्यामुळे १९०३ ते १९१० च्या त्याच्या रुपयांत कानावरचे केस आणि भुवई पाहावी लागते. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर छातीपाशी एक छोटा हत्ती आहे आणि माझ्या मते या सगळ्या मालिकेत प्रत ठरवण्याला त्याच्याइतकी चांगली खूण दुसरी नाही. हत्तीची सोंड, पाय आणि पाठ वेगवेगळी दिसत असतील तर नाणे वरच्या प्रतीचे, नुसती आकृती उरली असेल तर मधल्या आणि जागी गुळगुळीत उंचवटाच असेल तर खालच्या प्रतीचे. याच हत्तीची सोंड १९११ च्या रुपयात आखूड पडल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली होती आणि पुढच्या वर्षी त्याची आकृती सुधारण्यात आली. काकांच्या रुपयांत १९११ चा एक निघाला, हत्ती निम्मा झिजलेला. सालाच्या दुर्मीळपणापोटी त्याची प्रत वर सरकवावी, असे भावाने सुचवले. पण दुर्मीळपणा किमतीत धरायचा असतो, प्रतीत नव्हे, म्हणून मी ते मान्य केले नाही.

चकाकी हा सर्वांत वादाचा विषय ठरला. टाकसाळीतून निघालेल्या आणि हाताळल्या न गेलेल्या नाण्याला तिरप्या प्रकाशात फिरवले, तर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे त्याच्याबरोबर फिरतात. घासून उजळलेल्या नाण्यावर प्रकाश एकाच जागी सांडतो आणि भिंगातून पाहिल्यास मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे दिसतात. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला रुपये चिंच किंवा रांगोळी लावून घासण्याची पद्धत आहे आणि काकांकडचे पुष्कळसे रुपये या पद्धतीचे बळी होते. आत्या मदतीला बसली होती. काळसर जांभळा थर चढलेला १८७७ नंतरचा एक रुपया पाहून ती म्हणाली, “अगं, हा एवढा काळा पडलाय. दे इकडे, चिंचेत टाकते. कसा लख्ख होतो बघ!” मी म्हटले, “आत्या, तो काळेपणाच त्याचा दाखला आहे. घासला की त्याची प्रत गेली.” तिला ते विचित्र वाटले, तिच्या लेखी स्वच्छ चांदी म्हणजे लक्ष्मी. अखेरीस आधीच भरपूर घासले गेलेले पाच रुपये पूजेसाठी तिच्या हवाली केले आणि बाकीच्यांना चिंच लागणार नाही असे तिच्याकडून कबूल करून घेतले. हिरवट, चिकट थर मात्र वेगळा. तो प्लास्टिकच्या पाकिटामुळे आलेला असतो आणि शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून न घासता काढता येतो. नखांच्या रंगासाठीचा द्राव त्याजागी वापरू नये, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात.

काही रुपयांच्या किनारीवर वरच्या बाजूला एक बोथट डाग होता. कधीकाळी हारात ओवण्यासाठी तेथे कडी झाळून बसवली असणार आणि पुढे ती काढून जागा कानशीने सारखी केली असणार. अशा नाण्याचा चेहरा एक्स्ट्रीमली फाईन असला, तरी शेऱ्यात कडीचा डाग लिहावाच लागतो आणि सराफ बाजारातल्या ज्या जुन्या जाणकारांना मी यादी तपासायला दिली, त्यांनीही सर्वांत आधी नाण्याच्या कडाच फिरवून पाहिल्या. त्यांनी माझ्या काही प्रती एक पायरी खाली आणल्या. बहुतेक ठिकाणी मला ते पटले.

सर्वांत अडचण आली ती एका हाती ठोकलेल्या, जाड बुडाच्या रुपयाची. काकांच्या चिठ्ठीवर ‘चांदवडी’ असे लिहिलेले होते. चांदवड होळकरांकडे असताना तेथे रुपये पाडले जात आणि ते मुघल बादशहा शाह आलमच्या नावाने असत. असल्या नाण्यांचा ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे अक्षरांचा काही भाग मुळातच चकतीबाहेर राहतो आणि घाव एका बाजूला जोरात बसला की दुसरी बाजू पुसट उमटते. ही पुसट बाजू झिजेची समजली तर नाण्यावर अन्याय होतो. हे समजून घेण्यासाठी मी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय पाहून आले. नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांत क्षत्रप राजा नहपानाच्या छबीवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. खालचा चेहरा तेथे चपटलेला दिसतो, पण त्याला झीज म्हणता येत नाही. पुसट भागाचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर ठसा नीट बसलेला नाही आणि गुळगुळीत असेल तर झीज झाली आहे, हा निकष मी चांदवडी रुपयाला लावला. त्याची पुसट बाजू खडबडीत निघाली. शिवाय काठाजवळ सराफाने खरेखोटे पाहण्यासाठी ठोकलेली बारीक खूण होती. तिची नोंद केली, पण व्हेरी फाईन ही प्रत कायम ठेवली.

वाटणीचा नियम आत्यानेच घालून दिला : प्रत ज्याने ठरवली त्याने सर्वांत शेवटी उचलायचे. मेलबर्नच्या चुलतबहिणीचा प्रश्न मात्र प्रतीने सुटला नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि पाचव्या जॉर्जचे सगळे रुपये आता त्या वयाचे झाले आहेत. तिला सोबत नेता येतील असे निम्म्या चांदीचे सहाव्या जॉर्जचे रुपये जवळपास सगळे अनसर्क्युलेटेड होते, म्हणून आम्ही ते तिला देऊ केले. तिने त्यांतले दोन घेतले आणि उरलेल्या हिश्शात व्हिक्टोरियाचे रुपये मागून ते आत्याच्या कपाटात, तिच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवायला सांगितले. चांदवडी रुपया भावाने पहिल्याच फेरीत उचलला.