तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"बाई, तुमच्या वर्गातली पोरं जयंतीला भाषण का करत नाहीत?" चार वर्षं झाली, हा प्रश्न काही थांबत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत विचारतात, शिक्षण परिषदेला गेले की विचारतात, बाजारात भाजी घेताना विचारतात. एका सभेत तर बाईंना महापुरुषांचं वावडं आहे, असंही बोलून झालं. त्या दिवशी मी गप्प बसले होते.

प्रतिमापूजन आम्ही करतो. फुलं मुलंच आणतात. बंद केलंय ते फक्त मी लिहून द्यायचं आणि मुलांनी पाठ करून म्हणायचं भाषण.

त्या वर्षी ३ जानेवारीच्या सावित्रीबाई फुले जयंतीसाठी मी चौथीतली एक मुलगी निवडली. आवाज खणखणीत, अंगात धिटाई. दीड पानाचं भाषण लिहून दिलं. जन्म १८३१, नायगाव, तालुका खंडाळा. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा. अंगावर शेणाचे गोळे झेलत शाळेत जाणं. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता मृत्यू. तिच्या थोरल्या भावानं ते रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवलं आणि तिनं ऐकून ऐकून पाठ केलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नाही, हे पुरतं खरं नाही. जोडाक्षर आलं की ती अडते, हे मला माहीत होतं. सरावाला एकदाही तिनं कागद हातात धरला नाही, हेही दिसत होतं. पण मला आवाज हवा होता. केंद्रातल्या सगळ्या शाळा येणार होत्या.

कार्यक्रमात ती नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून, काखेत पाटी धरून उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पहिला नंबर आला. पाहुण्यांनी प्रमाणपत्र हातात दिलं आणि कौतुकानं माईक तिच्यापुढे धरला, "वाच बघू बाळ, काय लिहिलंय?"

तिनं कागदाकडे पाहिलं. खालीवर पाहिलं. मग तो कागद दोन्ही हातांनी समोर धरून ती बोलायला लागली, "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..."

मंडप हसला. मायेनंच हसला, टाळ्याही झाल्या. पाहुण्यांनी पाठ थोपटली, पुढचं नाव पुकारलं गेलं. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पण मी पहिल्या रांगेत होते. तिची नजर कागदावर नव्हती, माझ्यावर होती. बरोबर म्हणतेय ना बाई, असं विचारत होती. आणि मी मान हलवली. हो म्हणून.

ज्या बाईनं मुलींना अक्षर मिळावं म्हणून शेण झेललं, तिच्या नावाचं बक्षीस मी वाचता न येणाऱ्या मुलीला मिळवून दिलं. तिला वाचायला शिकवणं हे माझं काम होतं. मी तिला टाळ्या मिळवून दिल्या. त्यानंतर शाळा सुटल्यावर तिला रोज अर्धा तास थांबवून घेतलं. उन्हाळ्यापर्यंत ती अडखळत का होईना, वाचायला लागली.

आता जयंतीच्या दिवशी आम्ही वाचतो. प्रत्येक मूल, त्याला जमेल तितकं. कुणी एक ओळ, कुणी पान. ३ जानेवारीला मुक्ता साळवेच्या निबंधातला भाग घेते. फुल्यांच्या शाळेत शिकलेली ही मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचं धर्मपुस्तक कुठलं, असं ती थेट विचारते. सावित्रीबाईंनी काय केलं हे सांगायला मला माझ्या दीड पानापेक्षा त्या मुलीचं लिहिणं जवळचं वाटतं. २६ जूनला, शाहू महाराजांच्या जयंतीला, त्यांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते वाचतो. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड, हे वाचल्यावर एका पोरानं विचारलं, "ज्याच्याकडे रुपयाच नाही त्यानं काय करायचं?" त्या तासाला पुढचा धडा झाला नाही.

पण तुमचंही काही चुकत नाही. मी स्वतः सहावीत असताना कर्मवीर भाऊरावांवर भाषण केलं होतं. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, त्या वाक्याला माझा आवाज फुटला होता. ते भाषण गुरुजींनी लिहिलेलं होतं, मी पाठच केलं होतं. तरी मी शिक्षिका झाले त्याचं मूळ शोधायला गेले तर तिथेच पोचते. मग पाठ केलेलं वरवरचंच असतं, असं कोणत्या तोंडानं म्हणू? मला वाचता येत होतं, एवढाच फरक, असं स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही. माझा एक जुना विद्यार्थी परवा म्हणाला, "बाई, चार माणसांत उभं राहायचं बळ मला त्या भाषणांनीच दिलं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती मुलगी आता आठवीत आहे. एसटीनं हायस्कूलला जाते, वाचते, गणितात बरी आहे. पण त्या दिवसानंतर ती कधी स्टेजवर चढली नाही. तिला त्या दिवशी काय झालं ते नंतर कळलं का, हे तिला विचारायचं माझं धाडस झालेलं नाही.

यंदा तिसरीतला एक मुलगा मागे लागलाय, "बाई, मला भाषण करायचंय." त्याला अजून सलग वाचता येत नाही. ३ जानेवारीला तीन आठवडे उरलेत. कालही त्यानं विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगते.