पाटी म्हणते १९७१, तोफ म्हणते नंतरची

साताऱ्याहून कराडच्या दिशेने जाताना हायवे सोडून कृष्णेच्या अंगाला वळलं, की एका गावचा चौक लागतो. चौकात काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर रणगाडा आणि समोर संगमरवरी पाटी: ‘१९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवलेला रणगाडा’. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा मोघम पाट्या ठिकठिकाणी आहेत. शिवाय पाटीत गफलत असली तरी तिच्यामागची भावना खोटी नाही. घरटी एक माणूस लष्करात, हे सातारा जिल्ह्यात नुसतं बोलण्यापुरतं नसतं. इथल्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. अशा मुलखात उभ्या असलेल्या रणगाड्याची ओळख एका ओळीत उरकावी हे पटलं नाही, म्हणून टेप, बॅटरी आणि वही घेऊन निघालो.

पहिलं काम पाटी वाचायचं नाही, चाकं मोजायचं. या रणगाड्याला एका बाजूला पाच मोठी चाकं आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधली फट बाकीच्यांपेक्षा डोळ्यात भरण्याइतकी मोठी आहे. साखळीची वरची बाजू थेट चाकांच्या माथ्यावर टेकलेली. तिला उचलून धरणाऱ्या छोट्या पुल्या नाहीत. साखळी ओढणारं दातेरी चाक मागे. एवढ्यावर सोव्हिएत टी-५४/टी-५५ हे कुळ पक्कं होतं. टी-६२ लाही पाचच चाकं असतात, पण त्याच्या मोठ्या फटी मागच्या चाकांमध्ये असतात. भारतात बनलेला विजयंत असता तर सहा चाकं आणि वर पुल्या दिसल्या असत्या. पाकिस्तानकडच्या अमेरिकी पॅटनलाही सहाच चाकं, आणि त्याचं अंग ओतीव, गोलसर.

पॅटनचा उल्लेख करावा लागतो, कारण पारावरच्या मंडळींचं ठाम मत तेच होतं. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं आपल्याकडे चौथऱ्यावरच्या कुठल्याही रणगाड्याला पॅटन म्हणतात. त्याला कारणही आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानने शंभराच्या आसपास रणगाडे गमावले, त्यांत पॅटन मोठ्या संख्येने होते. पकडलेले पॅटन पुढे देशभर चौकाचौकांत, छावण्यांत मांडले गेले. तेच नाव लोकांच्या तोंडी बसलं.

आता टी-५४ की टी-५५? त्यासाठी वर चढायची गरज नाही, आणि चढूही नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या पोलादावरून पाय घसरला तर खाली थेट फरशी आहे. समोरच्या घराच्या गच्चीवरून पाहिलं तरी भागतं. बुरुजाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागाच्या उजव्या बाजूला, गोळा भरणाऱ्याच्या झाकणापुढे हवा खेळवणारा छोटा घुमट असेल तर टी-५४. घुमट नसेल तर टी-५५. इथे तो नाही. हा घुमट आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावा: पाकिस्तानकडचा चिनी टाइप-५९ ही टी-५४ चीच नक्कल, त्यामुळे त्यालाही घुमट आहे. लोंगेवालाला डिसेंबर १९७१ मध्ये वाळूत अडकले आणि भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांच्या माऱ्यात सापडले ते हेच टाइप-५९. म्हणजे घुमटवाला रणगाडा आपलाही असू शकतो आणि पकडलेलाही. तिथे आतल्या पाट्यांची लिपी कामाला येते, रशियन की चिनी.

खरी गंमत तोफेच्या नळीत आहे. टी-५५ ची मूळ तोफ १०० मिमीची. तिच्या नळीवरचा फुगवटा अगदी तोंडाशी असतो, काठीच्या टोकाला मूठ बसवावी तसा. या रणगाड्यावर तो फुगवटा तोंडापासून बराच मागे, नळीच्या मध्याकडे आहे, आणि नळीवर पत्र्याचं आवरण चढवून जागोजागी पट्ट्या आवळल्या आहेत. ही सोव्हिएत तोफ नव्हेच. ही १०५ मिमीची ब्रिटिश एल-७ घराण्यातली तोफ, विजयंतावर असायची ती.

फुगवटा शोभेचा नसतो. गोळा नळीतून पुढे सरकताना त्याच्यामागचा गरम वायू बारीक भोकांतून या फुगवट्याच्या पोकळीत शिरतो. गोळा तोंडाबाहेर पडला की नळीतला दाब एकदम उतरतो आणि पोकळीत कोंडलेला वायू पुढच्या दिशेने झेपावतो. जाताना तो नळीतला उरलेला धूर ओढून नेतो. ही सोय नसेल तर तोफेचं मागचं दार उघडताच धूर आत बसलेल्या चौघांच्या नाकातोंडात जातो. पत्र्याच्या आवरणाचं कामही असंच साधं: नळीची एक बाजू उन्हाने तापली आणि दुसरी सावलीत राहिली, तर नळी किंचित वाकते आणि दोन किलोमीटरवरचा नेम चुकतो. आवरणामुळे ऊन सगळीकडे सारखं वाटलं जातं.

भारताने आपल्या टी-५५ वर १०५ मिमीची तोफ चढवली ती १९७१ नंतरच्या सुधारणेत. विजयंतासाठी ही तोफ आणि तिचा दारूगोळा देशात बनत होताच. दोन जातींच्या रणगाड्यांना एकच गोळा चालला की पुरवठ्याची डोकेदुखी निम्मी होते. तेव्हा पाटीवर १९७१ लिहिलेलं असलं, तरी समोर दिसणाऱ्या तोफेने ते युद्ध पाहिलेलं नाही. ढाच्याने, म्हणजे बुरुजाखालच्या धडाने, मात्र पाहिलेलं असू शकतं. जुन्या ढाच्यावर नवी नळी, हे जुन्या नांगराला नवा फाळ बसवण्यासारखं आहे. त्यामुळे ‘पाटी खोटी’ असा निकाल इथेच देणाऱ्याने अर्धंच काम केलंय. ढाच्याचं वय नंबरावरून काढावं लागतं.

नंबर दोन प्रकारचे. एक कारखान्याचा, पोलादात ठोकलेला. दुसरा आपल्या लष्कराचा, रंगाने लिहिलेला, पुढे आणि मागे. फौजी त्याला बी.ए. नंबर म्हणतात. ठोकलेला नंबर बहुतेक वेळा रंगाच्या थरांनी बुजलेला असतो. इथे लोक तारेचा ब्रश चालवतात ती पहिली चूक, कारण रंगाबरोबर आकड्यांच्या कडाही जातात. मऊ ब्रशने धूळ झाडा, पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. किंवा चिमूटभर टाल्कम पावडर चोळून कोरड्या फडक्याने पुसा. खोलगट आकडे पांढरे दिसतात. गव्हाचं पीठ वापरू नका, दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते.

रंगाने लिहिलेल्या नंबरासाठी रात्री यावं लागतं. जुन्या अक्षरांवर नवा हिरवा रंग मारला, तरी अक्षरांच्या कडेला रंगाचा अगदी बारीक उंबरा राहतो. दिवसा तो दिसत नाही. अंधारात बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला, की उंबऱ्याची सावली पडते आणि आकडे वर येतात. चौकातला हायमास्ट दिवा लागलेला असेल तर एकाने घोंगडी धरून आडोसा करायचा. मागच्या पत्र्यावर आम्हाला असा पूर्ण नंबर मिळाला, आणि बुरुजाच्या कडेला एक त्रिकोण. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ या ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या स्क्वाड्रनच्या, म्हणजे रेजिमेंटमधल्या तुकड्यांच्या खुणा: त्रिकोण ‘ए’, चौकोन ‘बी’, वर्तुळ ‘सी’. म्हणजे हा कुठल्यातरी रेजिमेंटच्या ‘ए’ स्क्वाड्रनमध्ये नांदलेला गडी.

साखळीही बोलते. जुन्या धातूच्या साखळीत एका बाजूला ९० कड्या असतात. पिना झिजल्या की साखळी लांबते, सैल पडते, मग एखादी कडी काढून ताण आणतात. कडी कमी भरली तर रणगाडा भरपूर चाललेला, असं समजायला हरकत नाही. या साखळीच्या पिनांना बाहेरून नट नसतो. पीन सरकत आत आली की दातेरी चाकाजवळ ढाच्यावर बसवलेला पोलादी उंचवटा तिचं डोकं ठोकून परत जागेवर ढकलतो. त्या उंचवट्यावर हात फिरवून पाहा. आमच्या रणगाड्यावर तो वाटीसारखा झिजलाय, रंगाच्या थरांखालीसुद्धा खळगा बोटाला लागतो.

लोखंडानंतर कागद. गावात सगळ्यात आधी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचं इतिवृत्त पाहावं; चौथऱ्याचा ठराव, खर्चाची मंजुरी आणि रणगाडा मिळाल्याचं पत्र यांच्या तारखा तिथे असतात. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माहिती अधिकारात मागायचं असेल तर राज्याच्या कार्यालयासाठी अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. लष्कराकडचा कागद हवा असेल तर अर्ज केंद्राच्या नियमांनी, १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह किंवा ऑनलाइन. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा प्रश्न चुकल्यामुळे. ‘या रणगाड्याने कुठल्या मोहिमेत भाग घेतला’ असं विचारलं की सुरक्षेचं कलम दाखवून फाइल बंद. ‘अमुक बी.ए. नंबरचा रणगाडा प्रदर्शनासाठी दिल्याच्या व्हाउचरची प्रत’ असं विचारलं की तो साध्या कागदाचा विषय होतो. आमचं काम त्याहून सोपं झालं. ग्रामपंचायतीच्या फाइलीतच डिलिव्हरीचा कागद निघाला आणि त्यावरचा नंबर मागच्या पत्र्यावरच्या नंबराशी जुळला.

असे निवृत्त रणगाडे खडकीच्या सेंट्रल आर्मर्ड फायटिंग व्हेइकल डेपोतून बाहेर पडतात. तिथून साताऱ्याची वाट म्हणजे कात्रज आणि खंबाटकी. रणगाडा ३६ टनांचा, रुंदी ३.२७ मीटर, साध्या ट्रेलरवर मावत नाही, लो-बेड, म्हणजे बुटका जड ट्रेलर लागतो. चौकात उतरवताना एका क्रेनवर भरवसा ठेवू नये, दोन लावाव्यात आणि दोऱ्या ढाच्याच्या हुकांनाच बांधाव्यात. नळीला दोर लावून ओढल्याच्या खुणा आम्ही दुसरीकडे पाहिल्या आहेत.

जुळवणीसाठी शेवटचा टप्पा अहिल्यानगर, म्हणजे जुनं अहमदनगर. लोणंद, बारामती, दौंड करत दोनशे किलोमीटरच्या वर जातं. पहाटे निघा, ओळखपत्र जवळ ठेवा, परिसर लष्करी आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन, शेरमन, पॅटन, विजयंत एकाच आवारात पाहायला मिळतात. चौकातल्या रणगाड्याचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा आणि विजयंताच्या नळीपुढे उभे राहा. मघाचा फुगवटा तिथे ओळखीचा वाटतो. नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये ‘फामागुस्ता’ जपलेला आहे. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता पडले, तो हा. त्याचा नंबर जेएक्स २०२ कागदोपत्री पक्का आहे. पाटीवर ‘१९७१’ लिहायला लागतो तो असा पुरावा.

परत आल्यावर रणगाड्याच्या तब्येतीबद्दल दोन गोष्टी गावाला सांगितल्या. झाकणं वेल्डिंगने बंद केली म्हणजे पाणी आत जात नाही, हा भ्रम आहे. बुरूज आणि ढाचा यांच्यामधल्या फटीतून आणि इंजिनावरच्या जाळीतून पावसाचं पाणी झिरपतं आणि तळाशी साठतं. पत्रा बाहेरून सडताना दिसतो, तळ आतून सडतो आणि कळत नाही. तळाला पाणी सोडायची बुचं असतात; चौथऱ्यावर बसवण्याआधीच ती काढून ठेवायची. इथे ती रंगासकट घट्ट बसली होती. आधी दोन दिवस डिझेल सोडलं, मग पान्याला पाइप लावून जोर दिला, तेव्हा पहिलं बूच हललं आणि तांबडं पाणी अर्धा तास वाहत होतं. दुसरी गोष्ट नळीचं तोंड. ते बंद नसेल तर आत मधमाश्या बसतात. लाकडी गुटका पुरतो, फक्त खालच्या बाजूला पाणी निथळायला छोटी खाच ठेवावी. चाकांच्या रबरावर ऑइलपेंट मारू नये, रबर तडकतं.

पाटीचा मजकूर सरपंचांना लिहून दिला: ‘टी-५५. मूळ तोफ १०० मिमी. सध्याची १०५ मिमीची तोफ १९७१ नंतरच्या सुधारणेत बसवलेली. ‘ए’ स्क्वाड्रन.’ खाली बी.ए. नंबर.

सरपंचांनी दोनदा वाचला. “जुनी पाटी काढायची नाही,” ते म्हणाले, “तिच्याखाली ही लावू.”

लावा, फक्त चौथऱ्याला बोल्टने. ढाच्याला वेल्डिंग करू नका.